भंडारा जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे

आमच्याकडे फिल्म नेहमी कमी पडायची, किस्से कधी कमी पडले नाहीत. शंभर फुटांचा एक रोल पावणेतीन मिनिटांत संपायचा, आणि तो संपला की नेमकं काहीतरी घडायचं. कॅमेरा पिशवीत गेला की माणसं मोकळी व्हायची, बोलायची, भांडायची. जे पडद्यावर आलं ते डब्यांत आहे. जे आलं नाही ते आमच्या चौघांच्या डोक्यात साठत गेलं. आता चौघांपैकी दोघंच उरलोय, आणि भेटलो की तेच ते सांगत बसतो. परवा सून म्हणाली, "आई, एकदा लिहून टाका, म्हणजे आम्ही सुटू."

म्हणून लिहिते.

आधी चौघं कोण ते सांगते. मी निर्मला, भंडाऱ्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. देवरावभाऊंचा बाजारात फोटो स्टुडिओ होता; कॅमेरा त्यांचा. गजाननभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. प्रोजेक्टर, वायर, फ्यूज सगळं त्यांच्याकडे. आणि शांतावहिनी, देवरावभाऊंच्या मिसेस. त्या आमच्यात कशा आल्या तो वेगळाच किस्सा आहे, तो पुढे येईल.

*

सुरुवात एका पाहुण्यामुळे झाली. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं.

त्या काळी असे एकटे फिरणारे फिल्मवाले असत. पाठीशी कंपनी नाही, निर्माता नाही. सोळा एमएमचा कॅमेरा घेऊन देश बघायचे, आणि मग गावोगावच्या सभागृहांत ती मुकी फिल्म लावून, पडद्याच्या शेजारी उभं राहून स्वतः बोलायचे. तसेच एक गृहस्थ आमच्याकडे स्वित्झर्लंडची फिल्म घेऊन आले. हॉल खच्चून भरला. बर्फ, गाई, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, निळी सरोवरं. लोक अगदी गप्प बसून बघत होते. मीही.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. कोणी विचारलं तिकडे थंडी किती, कोणी विचारलं जेवणाचं काय. मग मागून देवरावभाऊ उठले.

"तुम्ही नागपूरहून इथपर्यंत आले ना जी, रस्त्यात काय काय पाहिलं?"

पाहुणे हसले. "खरं सांगू? गाडीत झोप लागली. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण इकडे बघण्यासारखं आहे तरी काय?"

हॉलसुद्धा हसला. आपल्याच जिल्ह्यावर आपण सगळे हसलो, मीपण हसले. देवरावभाऊ तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ते नागपूरला गेले. तिथं एका निवृत्त डॉक्टरांकडे चावी भरून चालणारा कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर वर्षानुवर्षं पडून होता. जाताना भाऊ स्कूटरवर गेले, येताना एसटीनं आले. स्कूटर डॉक्टरांकडे राहिली.

बाजारात लोक म्हणाले, फोटोवाल्याला वेड लागलं.  भाऊ मला एकदा म्हणाले, "बाई, स्कूटर होती तं स्टुडिओ ते घर, घर ते स्टुडिओ. आता सायकल आहे, तं जिल्हा पाहून राहिलो."

*

मी त्यांच्यासोबत गेले ती बोलण्यासाठी. फिल्म मुकी, देवरावभाऊ तिच्याहून मुके. कोणीतरी बोलायला हवं होतं. रविवारी आणि सुट्टीत आम्ही तिघं एसटीनं निघायचो.

दोन महिन्यांत शाळा समितीनं मला बोलावलं. अध्यक्षांनी समोर पाणी ठेवलं, तेव्हाच समजलं की काम कठीण आहे.

"बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण दोन परपुरुषांसोबत गावोगाव फिरता. पालक बोलतात. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

 नोकरी गेली असती तर घर चाललं नसतं. माझे यजमान तेव्हा आजारपणानं घरी होते. तरी मी म्हणाले, "सर, मुलींना मी वैनगंगा नकाशात दाखवते. तिचा रंग निळा नसतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी जाणं थांबवणार नाही. तुम्ही काय ते ठरवा."

त्यांनी बराच वेळ आपसांत कुजबुज केली आणि तोडगा काढला. सोबत एक प्रतिष्ठित घरातली बाई असेल तर हरकत नाही.

देवरावभाऊंनी घरी विचारलं. शांतावहिनी सातवी शिकलेल्या, घरी शिवणकाम करायच्या, चार माणसांत कधी बोलल्या नव्हत्या. त्या आल्या. पहिल्या खेपेला एसटीत खिडकीशी बसून गप्प. दुसऱ्या खेपेलाही गप्प. तिसऱ्या वेळी पवनीच्या जुन्या कोटाची भिंत भाऊ दुरून घेत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"भिंत कायले घेता नुसती? तिच्यावर गवऱ्या थापल्या आहेत, त्या घ्या. कोटात आता कोन राहते ते तं दिसू द्या."

भाऊंनी मान वळवून पाहिलं आणि कॅमेरा वळवला.

महिन्याभरात फिल्म कापणं आणि जोडणं वहिनींनी हातात घेतलं. शिलाई मशीनशेजारी फिल्म जोडायचं यंत्र आलं. कुठं कापायचं आणि कुठं नाही, हे त्या कापडासारखं बोटानं ओळखायच्या. भाऊंचे कितीतरी लाडके शॉट त्यांनी निर्दयपणे काढून टाकले.

वर्षाअखेरीस अध्यक्षांनी मला विचारलं, "सोबतीचं नीट चाललं आहे ना?"

"हो सर," मी म्हणाले. "आता आम्ही तिघं त्यांच्या सोबतीला जातो."

*

अड्याळच्या बाजूला एका गावी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, घ्यायला गेलो. पावसाळा, धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखल, बायका ओळीनं वाकून पऱ्हे, कोवळी रोपं, लावत होत्या. देवरावभाऊंनी धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं आणि छान वरून चित्र घेतलं.

ओळीच्या टोकाची बाई उभी राहिली. चंद्रभागाबाई तिचं नाव. कंबरेवर हात ठेवून तिनं भाऊंना विचारलं, "काय करून राहिले जी?"

"फिल्म काढून राहिलो. लोकाले दाखवाची आहे."

"वरून काय दिसते? आमच्या पाठी. पाठ दाखवता का लोकाले?"



"उतरा खाली."

भाऊ धोतर सावरत उतरले. उतरताच गुडघ्यापर्यंत रुतले. एका हातात कॅमेरा डोक्यावर धरलेला, दुसरा हात गजाननभाऊंच्या खांद्यावर. बायका हसल्या, आणि त्या हसताना, वाकलेल्या चेहऱ्यांच्या उंचीवरून भाऊंनी पुढचे दोन रोल घेतले. तसा रोवणा मी आजवर दुसऱ्या कोणाच्या फिल्ममध्ये पाहिला नाही.

निघताना चंद्रभागाबाईनं विचारलं, "हे पयल्यांदा कुठं दाखवान?"

मी म्हणाले, "नागपूरला. तिथं कार्यक्रम ठरला आहे."

"अन् आमाले?"

 आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नव्हतं.

"आमचं तोंड पयले आमी पाहू," ती म्हणाली. "मंग नागपूरवाले पाहतीन."

तो आमचा कायदा झाला. जिथं काढली तिथं पहिला खेळ. नागपूरचा कार्यक्रम आम्ही पुढे ढकलला. आयोजक चिडले, पुन्हा दोन वर्षं त्यांनी बोलावलं नाही.

*

कायदा केला खरा, पण त्या गावात वीज एकाच घरी होती. गावातल्या सर्वांत मोठ्या शेतकऱ्याकडे. आपण त्यांना पाटील म्हणू. पाटलांनी चहा दिला, विजेला होकार दिला आणि मग म्हणाले, "फक्त एक करा. सुरुवातीले आमचा बंगला दाखवा, अन् मी पायऱ्या उतरताना. मंग तुमच्या बायका दाखवा चिखलातल्या."

देवरावभाऊ मवाळ माणूस. ते विचारात पडले. वहिनी म्हणाल्या, "बंगला रोवणा करते का जी?"

चहा अर्धा ठेवून आम्ही उठलो.

आता करायचं काय? गावाबाहेर धानाची गिरणी होती, डिझेल इंजिनवर चालणारी. गजाननभाऊ तिथं गेले, इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वर्कशॉपमधून एक जुना डायनॅमो आणतो. पट्टा याच्यावर चढवतो. होते."

पुढच्या रविवारी भर दुपारी गिरणीच्या गोदामात खेळ झाला. खिडक्यांना पोती लावली, धोतराचा पडदा केला. इंजिन सुरू झालं आणि अख्खं गोदाम थरथरायला लागलं. पडद्यावर चित्र आलं, पण आवाज इतका की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. मी ओरडून सांगत होते, धान कुठून आला, तलाव कोणी बांधले, पाणी कसं सोडतात. घसा बसला.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी हातानं मला खाली बसायची खूण केली. जवळ गेले तर कानाशी म्हणाले, "बाई, तुमी बसा. हे आमाले माहीत आहे."

मी बसले. बोलण्याच्या कामातून पहिली सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

पाटील आले होते. दारात उभं राहून त्यांनी पूर्ण फिल्म पाहिली. त्यांच्याच बांधीतला रोवणा होता तो.

*

आंधळगावला कोशाचं रेशमी कापड विणतात. तिथं एक वयस्क विणकर होते, रामाजी. त्यांच्या हातांबद्दल आम्ही खूप ऐकलं होतं. गेलो, तर त्यांनी माग थांबवला आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

"फोटो नाही."

"काहून जी?" देवरावभाऊंनी विचारलं.

रामाजींनी आतून एक जुनं कॅलेंडर आणायला लावलं. त्यावर त्यांचाच फोटो होता, मागावर बसलेला, झकास छापलेला. खाली लिहिलं होतं: एक ग्रामीण कारागीर.

"एक," रामाजी म्हणाले. "मले काय नाव नाही? तुमी नाव सांगान तं हात दाखवीन."

मी शब्द दिला. आणि तेव्हापासून पडद्यावर जो दिसेल त्याचं नाव मी घ्यायचं ठरलं. हातातल्या वहीत गावाप्रमाणे नावं. रोवण्याच्या ओळीतल्या बायकांची नावंसुद्धा, ज्या क्रमानं त्या उभ्या होत्या त्या क्रमानं.

त्यानंतर नागपूरला एका मोठ्या क्लबमध्ये खेळ झाला. लोक सजून आले होते. मी नेहमीसारखी बोलले, म्हणजे जशी भंडाऱ्यात बोलते तशी. "हे रामाजी. कोसा विणून राहिले. यांच्या बाजूले धागा भरून राहिल्या त्या यांच्या सूनबाई, जनाबाई." असं तासभर.

मध्यंतरात आयोजक आले. चांगले माणूस, आवाज मऊ. "बाई, चित्रं अप्रतिम आहेत. पण दोन सूचना. एक, भाषा जरा शुद्ध ठेवता येईल का? मले, तुले, हे इथं बरं दिसत नाही. आणि दुसरं, इतकी नावं कशाला? ही फिल्म आहे की हजेरी?"

 शुद्ध बोलता मला येत होतं, शाळेत तेच बोलायची. पण ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांनी ते ऐकलं असतं तर त्यांना वाटलं असतं, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

मी म्हणाले, "सर, मी मास्तरीण आहे. हजेरी घेतल्याशिवाय मी शिकवत नाही. अन् मध्यंतरानंतर अजून दोन गावं बाकी आहेत."

दोन्ही गावं मी 'मले-तुले'तच घेतली.

*

आता एका परवानगीचं सांगते.

साकोलीकडच्या एका गावच्या शाळेत आम्ही वैनगंगेची फिल्म दाखवणार होतो. त्याच गावात वर्षभरापूर्वी ती दाखवली होती, लोकांनी पुन्हा बोलावलं होतं. दुपारची वेळ, खिडक्यांवर चादरी, वर्ग गच्च भरलेला. गजाननभाऊ प्रोजेक्टर सुरू करणार, तोच तालुक्याचे एक साहेब जीपमधून उतरले.

"परवानगी आहे का?"

"शाळेनं दिली आहे," मी म्हणाले.

"ती नाही. चित्रपट दाखवायची. सेन्सॉरचा कागद."

गजाननभाऊ म्हणाले, "साहेब, यात गाणं नाही, नटी नाही, आवाजसुद्धा नाही. याले पिच्चर कोन म्हणीन?"

"पडद्यावर चित्र हललं की तो चित्रपट. मशीन चालू केलं तर जप्त करीन."

साहेब चुकीचे नव्हते, त्यांचं काम करत होते. पण लोक तीन-तीन कोस चालत आले होते. मी गजाननभाऊंना म्हणाले, "मशीन बंद राहू द्या." आणि नकाशावरची छडी घेऊन पडद्यापुढे जाऊन उभी राहिले. पडदा पांढरा, कोरा.

"साहेब, यावर काही हलत नाही. बोलायला परवानगी लागते का?"

ते म्हणाले, "बोला ना. बोलायला कोण अडवतं?"

मी छडीनं कोपरा दाखवला. "इथं आता नदी येते. सकाळ आहे, धुकं आहे. नाव दिसत नाही, फक्त नावाड्याचा बांबू दिसतो."

मागून एक आवाज आला, "बाई, बांबूच्या आधी बगळा आहे."

"बरोबर. बगळा आहे. उडते तो."

"डावीकडं उडते," दुसरा म्हणाला.

मग मला काही बोलावंच लागलं नाही. वर्ग पडद्यावर फिल्म बघत होता. कोण म्हणे आता पवनीचा घाट, कोण म्हणे नाही, आधी ते वाळूतले टरबुजाचे मळे. नाव भोवऱ्यात सापडते तिथं बायका श्वास रोखून बसल्या. महादेव नावाडी दोर फेकतो, दोर तुटतो, इथपर्यंत आलो आणि शाळेची घंटा वाजली. शाळा सुटायची वेळ झाली, वर्ग रिकामा करून द्यायचा होता. लोक उठले.

साहेब मात्र खुर्चीवरच बसून होते. तास-दीड तास ते हलले नव्हते. सगळे बाहेर पडल्यावर हळू आवाजात म्हणाले, "बाई, मग त्या नावेचं काय झालं?"

"परवानगी द्या साहेब, दाखवते."

*

आमची फिल्म ज्या प्रकारची होती त्यात निगेटिव्ह नसायचं. जे कॅमेऱ्यातून गेलं तेच धुऊन परत यायचं. एकच प्रत. ती हरवली की सगळंच हरवलं.

आणि ती हरवली. नवेगावच्या तलावावरच्या सारसांची फिल्म, भाऊंनी तीन हिवाळे बसून केलेली. मुंबईच्या एका गृहस्थांनी कॉपी करून परत पाठवतो म्हणून नेली. पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग पत्ताच बदलला. देवरावभाऊ आठवडाभर स्टुडिओत आले नाहीत. वहिनी रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आता डबा एकटा कुठंच जाणार नाही."

पुढच्या वेळी वैनगंगेच्या फिल्मची कॉपी करायची होती, तेव्हा गजाननभाऊ रजा काढून डबा मांडीवर घेऊन मुंबईला गेले. लॅबमध्ये काउंटरवरचा माणूस म्हणाला, डबा ठेवा आणि चार दिवसांनी या.

"मी डब्यासोबत आहे," गजाननभाऊ म्हणाले.

"बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही."

"मंग डबा पण बाहेरचाच आहे."

पहिला दिवस ते बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. दुपारी आत गडबड ऐकू आली. फिल्म वाळवायच्या यंत्राचा पंखा बंद पडला होता, मिस्त्री मिळत नव्हता, कोणाच्या तरी महत्त्वाच्या फिल्मा ओल्या लटकल्या होत्या. गजाननभाऊंनी दारातून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बेअरिंग गेली आहे."

अर्ध्या तासात पंखा फिरला. मग पंप दाखवला त्यांना. मग आणखी काय काय. आपल्या फिल्मची कॉपी होताना ते यंत्राशेजारी स्वतः उभे होते.

परत आल्यावर आम्ही विचारलं, काय म्हणाले लॅबवाले? गजाननभाऊ म्हणाले, "पहिल्या दिवशी म्हणत, बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही. चौथ्या दिवशी तोच माणूस म्हणे, आतल्या माणसाला बाहेर जाऊ देणार नाही."

*

पुढे व्हिडिओ आला. लग्नाची फिल्म दुसऱ्या दिवशी घरच्या टीव्हीवर दिसायला लागली. आमच्या प्रकारची फिल्म मिळेनाशी झाली, धुऊन देणारे कमी झाले. सगळे म्हणायचे, सोडा आता.

बाजारातलेच एक जण नवा व्हिडिओ कॅमेरा घेऊन स्टुडिओत दाखवायला आले. त्यांचा हेतू चांगला होता, भाऊंनीही घ्यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. वहिनी टेबलाशी फिल्म जोडत होत्या.

"वहिनी, याच्यात सोय पाहा. कॅसेट भरली की पुसता येते. त्याच कॅसेटवर दुसरं लग्न घ्या."

वहिनींनी मान वर केली. "अन् पयल्यांचं लग्न?"

ते गृहस्थ चहा पिऊन गेले.

*

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे एकच रोल उरला होता. पुन्हा कधी मिळेल, मिळेल की नाही, माहीत नव्हतं. देवरावभाऊंनी तो कपाटात ठेवला होता. कशासाठी, तेही सांगत नव्हते.

गोसीखुर्दला वैनगंगेवर मोठं धरण होणार हे ठरलं होतं. काठची गावं त्यात जाणार होती. त्यांतल्या एका गावातून दोन माणसं सायकलींवर भंडाऱ्याला आली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते दुसऱ्या कोणी 'होतं' म्हणून लिहिलेलं आवडत नाही.

ते म्हणाले, "आमच्या गावची काढा."

भाऊंनी कपाट उघडलं.

गावात पोचलो तेव्हा भिंतींवर लाल रंगात आकडे घातलेले होते, मोजणीचे. घरं पुष्कळ आणि फिल्म पावणेतीन मिनिटांची. मी सगळं खरं सांगितलं. पारावर बैठक बसली. एक म्हणे देऊळ घ्या. एक म्हणे तलाव घ्या, आजोबांच्या हातची पाळ आहे. एक म्हणे नदीच घ्या, तिच्यापायीच सगळं चाललं आहे. पेपर वाचणारे एक गृहस्थ म्हणाले, "आपण सामान बैलगाडीत भरून निघालो असं दाखवू. बाहेरच्या लोकाले तेच पटते."

बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती. बैठकीत नव्हती, शेजारच्या ओट्यावर बसून तूर निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "अजून तं कोनी गेलं नाही. मंग जातानाचं कायले काढता? येतानाचं काढा."

 मग एकेक जण उठला.

दुपार कलल्यावर अख्खं गाव बाहेर पडलं आणि डांबरी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलं. म्हातारे, पोरं, गुरं, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका, सायकलवाले, त्या गावचे पाटील आणि त्यांचे सालदार गडीही. वहिनींनी गावाच्या तोंडाशी जागा ठरवली. रस्ता समोरून यावा आणि दोन्ही बाजूंची दारं दिसावीत अशी. मी हात वर केला, आणि सगळे रोज शेतातून येतात तसे गावात यायला लागले.

आमचा कॅमेरा चावीचा. अर्ध्या मिनिटात चावी संपायची. ती संपली की भाऊ हात दाखवायचे, आणि चावी भरेपर्यंत अख्खं गाव होतं तिथं पाय रोखून उभं राहायचं. बैल उभे, भारे डोक्यावर, एका बाईच्या कडेवरचं लेकरूसुद्धा गप्प. हात खाली आला की पुन्हा चालू. असं पाच वेळा झालं. प्रत्येक जण आपल्या घरापाशी आला की आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. शेवटी रस्ता रिकामा झाला आणि कॅमेऱ्यातली फिल्म संपून सुटल्याचा आवाज आला.

मी भाऊंकडे पाहिलं. ते डोळा कॅमेऱ्याला लावूनच उभे होते. वहिनींनी त्यांचा हात धरून कॅमेरा खाली घ्यायला लावला.

फिल्म धुऊन आली. वहिनींनी त्यात काही कापलं नाही.

पहिला खेळ त्याच गावात, शाळेच्या खोलीत ठेवला. त्याच दिवशी पुनर्वसनाच्या कामाचे एक साहेब गावकऱ्यांना नवीन जागेचे नकाशे दाखवायला येणार होते. गावकऱ्यांनी दोन्ही एकत्रच ठेवलं. साहेब तरुण होते, समजावून सांगणारे होते. इथं रस्ता, इथं शाळा, इथं बोअरवेल, इथं प्लॉट. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "साहेब, आता आमचं पावणेतीन मिनिटं पाहा."

खिडक्या झाकल्या. गजाननभाऊंनी प्रोजेक्टर लावला. मी काहीच बोलले नाही. पडद्यावर गाव आलं, थांबलं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं, आणि एकेक दार लागत गेलं.

चादरी काढल्या. साहेब हातातला नकाशा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "चांगली आहे. मनापासून सांगतो, खूप चांगली आहे. पण हे सगळे गावात येताना दिसतात. उद्या रेकॉर्ड म्हणून बघायची तर गाव सोडून जातानाचं हवं होतं. ते का नाही काढलं?"

मी उत्तर द्यायला उभी राहत होते. पण माझ्या पुढच्या रांगेतून बायजाबाई आधीच उठली होती. एक हात बाकावर टेकवून ती साहेबांकडे वळली.

"ते तुमी काढा."